साथीच्या काळातले तंटे आणि मध्यस्थीचा मार्ग

(कारंजा (घाडगे) येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांचे निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)

आजचा विषय कायद्याचा आहे, पण घाबरू नका, कलमांची जंत्री वाचणार नाही. समोर कास्तकार बसले आहेत, दुकानदार आहेत, दोन-चार वकील मित्रही दिसताहेत. सगळ्यांना कळेल असं बोलण्याचा आमचा प्रयत्न राहील.

करोनाची साथ गेली असं आपण म्हणतो. दवाखान्यातून गेली असेल. पण त्या दोन वर्षांत जे व्यवहार मोडले, त्यांच्या फाइली अजून कोर्टाच्या कपाटात आहेत. कुणाचा चेक परत आला, कुणाचं दुकानभाडं थकलं, कुणाचा बगीचा झाडावरच सडला. हे तंटे वेगळ्या जातीचे आहेत, आणि ते सोडवायला मध्यस्थी हा मार्ग का बरा पडतो, कुठे बरा पडत नाही, आणि तो नीट कसा वापरायचा, एवढंच आज बोलायचं आहे.

नेमकं काय झालं होतं?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. आपल्या भागाचं कॅलेंडर डोळ्यांसमोर आणा. मार्च महिना म्हणजे मृग बहाराचा संत्रा तोडणीचा शेवट. काही बगीच्यांत माल उतरलेला, काहींत अर्धा झाडावर. कापूस अजून बऱ्याच घरांत भरलेला. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई; मंगल कार्यालयं, मंडपवाले, आचारी, बँडवाले सगळ्यांचे बयाणे झालेले. आणि आपलं गाव नागपूर-अमरावती महामार्गावरचं. रस्त्यावरची वाहतूक थांबली की ढाबा, पंक्चरचं दुकान, हॉटेल, सगळ्यांचा गल्ला थांबला.

आता यातला प्रत्येक व्यवहार दोन माणसांचा होता. एकाने पैसे दिले होते, दुसऱ्याने काहीतरी द्यायचं कबूल केलं होतं. दोघांनाही आपला शब्द पाळायचा होता. दोघांनाही पाळता आला नाही. मग प्रश्न उरला तो एकच: नुकसान कुणाच्या अंगावर?

नेहमीच्या तंट्यात एक जण चुकलेला असतो, निदान तसा आरोप तरी असतो. माल खराब दिला, पैसे बुडवले, बांध कोरला. कोर्ट पुरावा बघतं आणि कोण चुकलं ते ठरवतं. साथीच्या तंट्यात बऱ्याचदा चुकलेलं कुणीच नसतं. आणि चूक शोधण्यासाठी बनवलेल्या यंत्रात असा तंटा घातला की ते यंत्र खूप वेळ चालतं आणि शेवटी एकाच्या पदरात सगळं, दुसऱ्याच्या पदरात काही नाही, असा निकाल देतं.

कायद्याने काय दिलं?

कायदा गप्प बसला नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० ला, म्हणजे टाळेबंदीच्या आधीच, स्वतःहून दखल घेऊन मुदतीचा आदेश काढला. दावा, अपील, अर्ज यांना कायद्याने मुदत असते. लोकांना कोर्टात येणंच शक्य नाही, तेव्हा मुदत थांबवली. हा आदेश पुढे वाढत गेला. शेवटी १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीच्या हिशोबातून वगळला गेला. ६ एप्रिल २०२० ला व्हिडिओ कॉन्फरन्सने सुनावणी घेण्याबद्दल आदेश झाला. रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना आधी तीन महिने आणि मग ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत सवलत दिली. दिवाळखोरीच्या कायद्यात बदल करून २५ मार्च २०२० पासून पुढे वर्षभरात झालेल्या थकबाकीवरून कंपनीला दिवाळखोरीच्या कारवाईत ओढता येणार नाही, अशी सोय केली.

पण नीट बघा. या सगळ्यात मिळालं काय? वेळ मिळाला. तुमचा आणि समोरच्याचा हिशोब काय, हे कुणी ठरवून दिलं नाही.

मग लोक म्हणाले, 'अहो, ही तर दैवी आपत्ती! करार रद्द.' व्हॉट्सॅपवर त्या काळात एक शब्द फार फिरला, 'फोर्स मेज्युअर'. म्हणजे आपल्या हाताबाहेरचं संकट आलं तर करार पाळण्यातून सूट, असं करारातच लिहिलेलं कलम. करारात असं कलम असेल तर ते बघायचं. नसेल तर भारतीय करार कायद्याचं कलम ५६ आहे: करार पाळणं अशक्य झालं, तर करार संपतो. ऐकायला सोपं आहे. पण 'अशक्य' आणि 'महाग', 'अशक्य' आणि 'उशिराने शक्य' यांत कोर्ट फरक करतं.

दोन निकाल सांगतो. मुंबई उच्च न्यायालयात पोलाद आयात करणाऱ्या कंपन्या गेल्या होत्या. म्हणणं असं, की टाळेबंदीमुळे करार पाळता येत नाही, तेव्हा बँकेमार्फत जाणारे पैसे थांबवा. ८ एप्रिल २०२० ला न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला. टाळेबंदी ठरावीक काळापुरती आहे, तिच्या आधाराने करारातली जबाबदारी झटकता येणार नाही, असा त्याचा रोख होता. दुसरा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा, २१ मे २०२० चा, खान मार्केटमधल्या दुकानाच्या भाड्याचा. भाडेकरूने भाडं स्थगित करायची मागणी केली. न्यायालयाने भाडं स्थगित केलं नाही, भरायची मुदत मात्र थोडी पुढे दिली. भाड्याच्या जागेला कलम ५६ लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच सांगून ठेवलं आहे.

म्हणजे दुकान बंद, गिऱ्हाईक नाही, तरी भाडं देणं लागतं. कायदा म्हणून हे बरोबर असेलही. पण घरमालकाने या कायद्यावर बोट ठेवून वसुली लावली तर काय होतं? भाडेकरू जागा सोडतो. आणि त्या काळात रिकामं दुकान घ्यायला दुसरा कोण येणार होता? घरमालक कायद्याने जिंकतो आणि गाळा वर्षभर रिकामा ठेवतो. मध्यस्थीची गरज इथून सुरू होते.

मध्यस्थी म्हणजे काय, आणि काय नाही

आपल्याकडे तीन-चार शब्दांची सरमिसळ होते, ती आधी सोडवून घेऊ.

लवाद म्हणजे खासगी न्यायाधीश. दोघांनी मिळून त्याला नेमायचं, पुरावा द्यायचा, तो निवाडा देणार आणि तो दोघांना बांधील. लोकअदालतीत एक पॅनेल असतं, तडजोड सुचवतं. दोघं तयार झाले तर निवाडा होतो आणि त्यावर अपील नाही. मध्यस्थ मात्र निकाल देत नाही. कोण खरं, कोण खोटं, हे तो बोलत नाही. तो दोघांना बोलायला लावतो, एकेकट्याचं ऐकतो, हिशोब कागदावर मांडायला लावतो, आणि तोडगा त्या दोघांच्या तोंडून बाहेर काढतो. तोडगा नाही निघाला तर दोघं जसे आले तसे परत जातात, कोर्टाचा रस्ता मोकळा असतो.

दोन नियम महत्त्वाचे. पहिला, गुप्तता. मध्यस्थीत तुम्ही म्हणालात, 'चला, पन्नास हजार सोडतो', आणि बोलणं फिसकटलं, तर हे वाक्य पुढे कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. दुसरा, मर्जी. सही करायची की नाही, हे शेवटपर्यंत तुमच्या हातात.

हे काही नवीन खूळ नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ जुलै २००२ पासून लागू आहे. चालू दावा कोर्ट मध्यस्थीकडे पाठवू शकतं. २०१० मध्ये ॲफकॉन्स कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोणते तंटे पाठवावेत आणि कोणते पाठवू नयेत, याची यादीच दिली. व्यापार, करार, घरमालक-भाडेकरू, कुटुंब, शेजारी, ग्राहक, हे सगळं 'पाठवावं' मध्ये येतं. व्यावसायिक न्यायालयांच्या कायद्यात २०१८ साली कलम १२अ घातलं. तीन लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा व्यापारी तंटा असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दावा लावण्याआधी मध्यस्थी करावीच लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये 'पाटील ऑटोमेशन'च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलं. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्यासाठी वर्ध्याला. मुदत तीन महिने, दोघं तयार असतील तर आणखी दोन.

एक उदाहरण, हिशोबासकट

आता कलमं बाजूला ठेवू आणि एक उदाहरण घेऊ. कुणा एकाचं नाही, रचलेलं आहे. पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ओळखीचं वाटेल.

समजा, एका कास्तकाराने मृग बहाराचा उभा बगीचा व्यापाऱ्याला ६ लाखांत दिला. व्यापाऱ्याने दीड लाख बयाणा दिला, तोडणी सुरू झाल्यावर आणखी एक लाख. म्हणजे अडीच लाख आले. टाळेबंदी लागली तेव्हा अर्धा माल उतरला होता, अर्धा झाडावर. मजूर येईना, गाडी मिळेना. नागपुरी संत्रा बांगलादेशापर्यंत जातो. तिकडच्या गाड्याही अडकल्या. उरलेल्या मालातला काही कास्तकाराने आसपासच्या गावांत विकून ६० हजार केले. बाकीचा गळून गेला.

पुढे दोघांचं म्हणणं ऐका. कास्तकार म्हणतो, 'सौदा बगीच्याचा झाला. बगीचा तुमचा, माल सडला तर तुमचा सडला. माझे साडेतीन लाख द्या.' व्यापारी म्हणतो, 'सरकारने बंद केलं, मी केलं नाही. अर्धा माल नेला, त्याचे तीन लाख होतात, अडीच दिले, पन्नास हजार देतो आणि मोकळा.'

एकाचे साडेतीन लाख, दुसऱ्याचे पन्नास हजार. कोर्टात गेलं तर पहिला प्रश्न असा, की झाडावरच्या फळाची मालकी नेमकी केव्हा गेली? सौदा झाला तेव्हा, की फळ तोडलं तेव्हा? मालविक्रीच्या कायद्यात साधारणपणे मालकी गेली की जोखीमही जाते. पण आपल्याकडे सौदा तोंडी, फार तर डायरीत चार ओळी. मग साक्षी, उलटतपासणी, तारखा. निकाल येईपर्यंत तो बगीचा अजून किती बहार देऊन मोकळा होईल, ते तुम्हीच मोजा.

मध्यस्थीत काय होतं? मध्यस्थ आधी दोघांना समोरासमोर बसवतो. प्रत्येकाने आपलं पूर्ण सांगायचं, मध्ये दुसऱ्याने बोलायचं नाही. एवढ्यानेच बऱ्याचदा अर्धा राग उतरतो. मग तो दोघांना वेगवेगळं घेऊन बसतो. तिथे जे दोघांसमोर निघत नाही ते निघतं. कास्तकार सांगतो, 'साडेतीन लाख मिळतील असं मलाही वाटत नाही. पण पेरणीच्या आधी हाती काही आलं नाही तर बियाणं उधार आणावं लागेल.' व्यापारी सांगतो, 'माझे पैसे पुढच्या व्यापाऱ्याकडे अडकलेत. आज लाखभर काढायचे तर व्याजाने काढावे लागतील. पण हा बगीचा चांगला आहे, पुढच्या वर्षी मलाच हवा आहे.'

बघा, आता तंटा बदलला. कास्तकाराला रकमेपेक्षा वेळ महत्त्वाची आहे. व्यापाऱ्याला नातं टिकवायचं आहे. हे दावा-जबाबात कुठेच लिहिलेलं नसतं.

मग हिशोब कागदावर. उतरलेला माल तीन लाखांचा, यावर दोघांचं एकमत. उरलेला तीन लाखांचा. त्यातून ६० हजार वसूल झाले. म्हणजे खरं नुकसान २ लाख ४० हजार. हे कुणाच्याच चुकीने झालं नाही, तर अर्धं अर्धं घ्यायचं का? प्रत्येकी १ लाख २० हजार. व्यापाऱ्याने द्यायचे उतरलेल्या मालाचे राहिलेले ५० हजार अधिक १ लाख २० हजार, एकूण १ लाख ७० हजार. त्यातले ५० हजार पेरणीआधी रोख, उरलेले आंबिया बहाराच्या तोडणीत दोन हप्त्यांत. आणि आंबिया बहार बाजारभावाने घ्यायचा पहिला हक्क याच व्यापाऱ्याला.

ताळा करून पाहा. कास्तकाराला अडीच लाख आधीचे, १ लाख ७० हजार आताचे, ६० हजार गावोगावच्या विक्रीचे, एकूण ४ लाख ८० हजार. सहा लाखांत १ लाख २० हजार कमी. व्यापाऱ्याने ४ लाख २० हजार दिले आणि माल घेतला तीन लाखांचा. त्यालाही १ लाख २० हजारांचा फटका. दोघांनाही दुखलं, पण सारखं दुखलं. आणि पुढच्या वर्षी दोघं एकमेकांच्या दारात उभे राहू शकतात.

हाच तोडगा निघायला हवा असं काही नाही. कुठे साठ-चाळीस होईल, कुठे माल मोजण्यावरच घोडं अडेल. पण रीत हीच. दुकानभाड्यातही तेच. गाळा पाच महिने बंद, भाडं महिना ८ हजार, थकले ४० हजार. निम्मे माफ, उरलेले २० हजार चालू भाड्यासोबत महिना दोन हजारप्रमाणे दहा महिन्यांत. मंगल कार्यालयाचा बयाणा असेल तर थोडी रक्कम परत आणि उरलेल्यात पुढची तारीख. पन्नास माणसांची मर्यादा आल्यावर काही कुटुंबांनी लग्न अंगणातच लावलं. त्यांना पुढची तारीख काय कामाची? त्यांच्यासाठी वेगळा तोडगा. कोर्टाला असा कपडा प्रत्येकाच्या मापाने शिवता येत नाही, मध्यस्थीत शिवता येतो.

फोनवरची मध्यस्थी

साथीत माणसं एकत्र बसू शकत नव्हती, मग हे झालं कसं? व्हिडिओ कॉलवर. ११ जुलै २०२० ला छत्तीसगडमध्ये ई-लोकअदालत झाली, पुढे इतर राज्यांतही झाल्या. मध्यस्थीचंही तसंच. परगावी अडकलेला भाऊ वाटणीच्या बोलण्यात सामील होऊ शकला, ही जमेची बाजू. तारखेसाठी वर्ध्याला किंवा नागपूरला जायचा एसटीचा खर्च आणि बुडणारी मजुरी वाचली, हीसुद्धा.

पण अडचणी होत्या. पहिली, रेंज. बोलणं ऐन रंगात आलं की आवाज तुटायचा, आणि तुटलेल्या वाक्याचा समोरचा भलताच अर्थ घ्यायचा. म्हणून छोट्या बैठका घ्याव्यात, आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी ठरलेलं मध्यस्थाने वाचून दाखवावं. दुसरी अडचण जास्त गंभीर. कॅमेऱ्यात एक माणूस दिसतो, पण खोलीत कोण कोण बसलंय ते दिसत नाही. कुणी मागून सांगतंय, कुणी दटावतंय, कुणी रेकॉर्डिंग करतंय. गुप्ततेचा नियम तिथेच मोडतो. सुरुवातीलाच प्रत्येकाने खोली फिरवून दाखवावी, रेकॉर्डिंग करणार नाही असं कबूल करावं, हे किमान. तिसरी अडचण, स्मार्टफोन घरात एकच आणि तो मुलाच्या हातात. आई विधवा, जमीन तिच्या नावावर, आणि बोलतोय मुलगा. अशा वेळी मध्यस्थाने त्या माउलीशी साध्या फोनवर का होईना, एकटीशी बोललंच पाहिजे.

आपल्या जिल्ह्याची एक आठवण

वर्धा जिल्ह्यात उभं राहून समेटाची गोष्ट करायची आणि गांधीजींचं नाव घ्यायचं नाही, हे जमणार नाही. पण इथे सेवाग्रामचे नाही, त्याच्या चाळीस वर्षं आधीचे, दक्षिण आफ्रिकेतले तरुण बॅरिस्टर गांधी आठवा. १८९३ साली ते दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या खटल्यासाठी तिकडे गेले. समोरचे तय्यब शेठ हे नात्यातलेच. वाद सुमारे ४० हजार पौंडांचा. वकिलांचे खर्च वाढत चाललेले पाहून गांधीजींनी दोघांना लवादाकडे जायला राजी केलं. निवाडा दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला: ३७ हजार पौंडांच्या आसपास आणि शिवाय खर्च.

खरी अडचण तिथेच सुरू झाली. तय्यब शेठ ही रक्कम एकरकमी देऊ शकत नव्हते, आणि दिवाळं काढणं त्यांना मरणाहून वाईट होतं. तेव्हा गांधीजींनी जिंकलेल्या अशिलाची समजूत घातली, की हप्ते लांब मुदतीचे घ्या. लवादाला राजी करण्यापेक्षा ही सवलत मिळवणं त्यांना जास्त जड गेलं, असं त्यांनी आत्मकथेत नोंदवलं आहे. आमच्या मते साथीच्या तंट्यांसाठी हा धडा फार मोलाचा आहे. कोण किती देणं लागतो, हा अर्धाच प्रश्न. तो कसा आणि केव्हा देऊ शकेल, हा उरलेला अर्धा.

गांधीजींच्याच नावाने १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावागावांत समित्या झाल्या, बरेच तंटे गावातच मिटले. ही आपली ताकद आहे. पण गावच्या बैठकीत एक धोकाही असतो, तो स्पष्ट बोलतो. चार वजनदार माणसं बसली की गरिबाच्या तोंडून 'हो' निघतं. ते त्याच्या मनातून आलेलं असेलच असं नाही. 'गावाचं ऐकत नाही' हा शिक्का कुणाला हवाय? दबावाखाली झालेली सही म्हणजे मध्यस्थी नव्हे. म्हणून प्रशिक्षण घेतलेला, दोघांशी हितसंबंध नसलेला मध्यस्थ आणि एकेकट्याशी बोलणं, या दोन गोष्टी सोडू नका.

कुठे मध्यस्थी नको

खोटी सही, बनावट कागद असा गंभीर आरोप असेल, तर कोर्टात जा. घरात मारहाण होत असेल तर त्या बाईला आधी संरक्षण हवं. तिला मारणाऱ्यासमोर तडजोडीला बसवू नका. टाळेबंदीत अशा कित्येक बायका त्याच घरात कोंडल्या गेल्या होत्या, हे विसरता येणार नाही. जमीन उद्या विकली जाणार असेल तर आधी मनाई हुकूम घ्या, बोलणी नंतर. आणि समोरचा फक्त वेळ काढतोय अशी शंका आली, तर तारीख ठरवा: अमुक दिवसापर्यंत तोडगा, नाहीतर दावा.

एक धोक्याची सूचना. खासगीत बोलणी चालू आहेत म्हणून कायद्याची मुदत आपोआप थांबत नाही. कलम १२अ च्या मध्यस्थीचा काळ वगळला जातो, पण पारावर किंवा ओळखीच्या माणसासमोर चाललेल्या बोलण्याला ती सवलत नाही. चेक परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस पाठवा आणि मग खुशाल बोलत बसा.

कागद नीट करा

तोडगा निघाला की लोक हात मिळवतात, चहा पितात आणि घरी जातात. इथेच घात होतो. कागदावर हे असलंच पाहिजे: कोण, कुणाला, किती, कोणत्या तारखेला, कसे देणार. हप्ता चुकला तर काय. चालू केसेस कोण, केव्हा मागे घेणार. आणि पुन्हा टाळेबंदी किंवा तसंच संकट आलं तर काय करायचं, हेही लिहा. शेवटचं वाक्य २०२० च्या आधी कुणी लिहीत नव्हतं. आता न लिहिण्याला कारण नाही.

मग त्या कागदाला बळ द्या. दावा चालू असेल तर समझोता कोर्टासमोर ठेवून हुकूमनामा करून घ्या. दावा नसेल तर दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत नेता येतं. तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही, आणि कोर्टात भरलेलं न्यायशुल्क परत मिळतं. २०२३ साली स्वतंत्र मध्यस्थी कायदाही झाला आहे. ऑनलाइन मध्यस्थीला आणि गावपातळीवरच्या सामुदायिक मध्यस्थीला त्यात जागा दिली आहे. त्याची सगळी कलमं एकदम लागू झालेली नाहीत, टप्प्याटप्प्याने होत आहेत. तेव्हा सही करण्याआधी आपल्या वकिलाला विचारून घ्या.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: साहेब, आम्ही मध्यस्थीला तयार आहोत, पण समोरचा येतच नाही. मग?

उत्तर: भाऊ, मनाविरुद्ध तोडगा कुणावर लादता येत नाही, पण बोलावणं पाठवता येतं. दावा चालू असेल तर कोर्ट दोघांची संमती नसतानाही प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतं. लवादाकडे मात्र संमतीशिवाय नाही. व्यापारी तंट्यात १२अ खाली नोटीस गेल्यावर तो आलाच नाही, तर तशी नोंद होते आणि तुमचा दाव्याचा रस्ता मोकळा होतो. आमचा अनुभव असा, की पहिलं बोलावणं वकिलाच्या नोटिशीच्या भाषेत गेलं तर माणूस बिथरतो. आधी साध्या भाषेत फोन करा.

प्रश्न: माझा छोटा कारखाना आहे. मोठ्या कंपनीने टाळेबंदीचं कारण सांगून बिल थकवलं. त्यांच्यासमोर माझं कोण ऐकणार?

उत्तर: ताई, तुमच्यासाठी २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे. माल घेतल्यावर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यासाठी सुविधा परिषद असते. ती आधी समेट घडवते, नाही झाला तर लवादाने निवाडा. नोंदणी आधी केलेली असली पाहिजे, तेवढं बघा. व्याजाचा आकडा तुमच्या हातात असला की मोठी कंपनीही बोलायला बसते.

प्रश्न: एवढं सगळं करायचं तर गरिबाला खर्च झेपेल का?

उत्तर: कोर्टाने पाठवलेल्या मध्यस्थीत आणि लोकअदालतीत तुमच्या खिशाला फारशी झळ बसत नाही. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कामगार, अपंग यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही मोफत मिळतो. तालुका पातळीवर विधी सेवा समिती असते. कोर्टाच्या आवारात जाऊन विचारा, अर्ज साधा आहे. खर्च खरा होतो तो दहा वर्षं तारखा करण्यात.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. साथ परत येईल की नाही, सांगता येत नाही. पण गारपीट येते, भाव पडतो, रस्ता बंद होतो, आणि कुणाचीच चूक नसताना व्यवहार मोडतात. ज्यांचे चेक आणि भाडेपावत्या त्या दोन वर्षांपासून अडकून आहेत, त्यांनी या आठवड्यात एक काम करावं. समोरच्याला फोन लावावा, आणि 'तुम्ही देणं लागता' याऐवजी 'तुम्हाला कसं जमेल?' या प्रश्नाने सुरुवात करावी. उत्तर काहीही आलं तरी ते लिहून ठेवावं.